धाप लागल्यावरची प्रार्थना

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, आठव्या वचनात, शरीराच्या कसरतीवर एक शेरा आहे. कसरतीचा उपयोग होतो, पण थोडा. सुभक्तीचा मात्र सगळ्याच बाबतींत होतो, असा त्याचा मथितार्थ. बायबलात ३१ हजारांवर वचनं आहेत आणि त्यांतली बरीचशी आमच्या मंडळीला धड आठवत नाहीत. हे एक वचन मात्र बोदवडच्या कुठल्याही साठीतल्या ख्रिस्ती गृहस्थाला झोपेतून उठवून विचारा, पत्त्यासकट सांगेल. डॉक्टरने रक्तातली साखर बघून 'रोज चालायला जा' म्हटलं की गृहस्थ घरी येतो, बाजेवर आडवा होतो आणि बायकोला पौल ऐकवतो. बायकोला पौलाशी वाद घालता येत नाही. ती चहा बिनसाखरेचा करते आणि तेवढ्यावर समाधान मानते.

या खटल्यात पौलाला साक्षीला बोलावणं तसं धाडसाचंच. त्या माणसाचं आयुष्य गलबतात नाहीतर रस्त्यावर गेलं. फटके खाल्ले, धोंडे खाल्ले, तीनदा जहाज फुटलं आणि उरलेल्या वेळात तो चालला. कोसच्या कोस तुडवणाऱ्याने 'कसरतीचा फायदा थोडाच' म्हणणं वेगळं आणि बाजेवरून तेच म्हणणं वेगळं. शिवाय करिंथ शहराजवळ इस्थमियाला दर दोन वर्षांनी खेळांच्या मोठ्या स्पर्धा भरत, आणि त्याच करिंथकरांना पत्र लिहिताना पौलाच्या तोंडी सगळी आखाड्याची भाषा येते. शर्यत, बक्षीस, लवकर सुकून जाणारा पानांचा मुकुट, हवेत वाया जाणारे ठोसे. मैदानाच्या कडेला उभं राहून कधी तरी पाहिल्याशिवाय असलं सुचत नाही.

माझा लाडका पौल मात्र प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायातला. त्रोवस गावी माडीवर मंडळी जमली आहे. दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणून पौल बोलतोय, आणि मध्यरात्र झाली तरी बोलतोच आहे. माडीत पुष्कळ दिवे होते, असं लूक लिहितो. तेलाचा धूर, माणसांची गर्दी आणि न संपणारं प्रवचन, सगळं डोळ्यांसमोर येतं. युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसला होता. तो पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेला म्हणून लोकांनी उचलला. पौल धावत खाली आला, त्याला कवटाळलं, जीव आहे म्हणाला. मग काय केलं असेल? वर गेला, भाकर मोडली, आणि उजाडेपर्यंत पुन्हा बोलला. लूक यावर अवाक्षर काढत नाही. तो पेशाने वैद्य होता आणि पौलाचा मित्रही. दोन्ही नात्यांनी गप्प बसणं भाग होतं.

पण लगेच पुढची हकिगत वाचा. बाकीचे सगळे जहाजात बसून अस्सा बंदराकडे निघाले आणि पौलाने सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, मी पायी येतो. तीसेक किलोमीटरची वाट. का, ते लूक सांगत नाही. टीकाकारांनी नाना कारणं काढली आहेत. जहाजाला भूशिराचा वळसा होता, त्याला समुद्र लागत असेल, वाटेत कुणाला भेटायचं असेल. मला वाटतं, रात्रभर बोलून त्याच्याजवळचे शब्द संपले होते. आपल्या बोलण्याने एक पोरगा खिडकीतून पडला, हे कळल्यावर कुठल्याही वक्त्याला थोडं एकट्याने चालावंसं वाटेल. ज्याच्या नावावर तेरा पत्रं आहेत, त्याचा हा एक दिवस बिनशब्दांचा. देवाशी त्याचं काय बोलणं झालं असेल ते असो. लांबलचक नसणार, एवढं मी शपथेवर सांगतो. कारण चालताना लांबलचक बोलता येत नाही.

हे मला कळलं ते आमच्या आप्पांमुळे. आप्पा मंडळीतले जुने पंच, रेल्वेतून रिटायर झालेले. रविवारच्या उपासनेत 'आता आप्पा प्रार्थनेत पुढे चालवतील' असं पाळकसाहेब म्हणाले की अनुभवी बायका पोरांना बाहेर एक नंबरला नेऊन आणतात. आप्पांची प्रार्थना उत्पत्तीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते. उजेड, अंतराळ, समुद्र, जलचर असं करत ती सहा दिवसांत मनुष्यापाशी येते. मग दिल्लीचं सरकार, मुंबईचं सरकार, कलेक्टर, तहसीलदार. मग कापसाचा भाव, केळीवरचा रोग, तापीचं पाणी आणि बोदवडच्या नळाला ते कधी येणार हा जुना प्रश्न. मग आजारी माणसं, नावानिशी आणि आजारानिशी. कुणाला कुठल्या वॉर्डात ठेवलंय, कुठला डॉक्टर बघतोय, हेसुद्धा. देवाला पत्ता चुकू नये ही त्यांची कळकळ. 'आमेन' येतं तेव्हा पुढच्या बाकावरचा एखादा युतुख हमखास पेंगलेला असतो. आमच्या देवळाला माडी नाही, हीच कृपा.

तर आप्पांनाही साखर निघाली. त्यांनी पौल सांगून पाहिला. डॉक्टर ख्रिस्ती नव्हता, त्यामुळे त्याच्यावर परिणाम झाला नाही. मग ठरलं की पहाटे चालायचं, बरोबर मी, आणि चालता चालता प्रार्थना, म्हणजे दोन्ही खात्यांत जमा.

मे महिन्यात आमच्याकडे चालायचं म्हणजे सहाच्या आत परतायचं. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा बोदवड काही महाबळेश्वर नसतं. पहाटे स्टेशनच्या रस्त्याला तीन पंथांची माणसं भेटतात. एक साखरवाले. दुसरे रेल्वेतले नाहीतर वरणगावच्या फॅक्टरीतले पेन्शनर, ज्यांना पहाटे उठायची खोड ड्यूटीने लागली ती सुटत नाही. आणि तिसरी पोलीस भरतीची पोरंपोरी. हा तिसरा पंथ खरा कडक. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, वर शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदान निघेपर्यंत रस्त्यावर घाम गाळायचा. त्यांतली एक मुलगी रोज शेवटच्या टप्प्याला ओठांनी काहीतरी पुटपुटत आमच्या बाजूने सुसाट जाई. टाचेजवळ फाटलेले मोजे, हातात आईच्या जुन्या मोबाइलवर लावलेलं स्टॉपवॉच. एकदा ती गुडघ्यांवर हात टेकून उभी असताना आप्पांनी कौतुकाने विचारलं, "पोरी, धावताना कुठला मंत्र म्हणते तू?" ती धापा टाकत म्हणाली, "काही नाही बाबा, आई गं म्हणते."

आप्पा घरापर्यंत बोलले नाहीत. मला मात्र पाण्यावरून चालणारा पेत्र आठवत राहिला. वाऱ्याला भ्याला, बुडू लागला, आणि ओरडला ते एवढंच की वाचव. तिथे त्याने सृष्टीची निर्मिती काढली असती तर पहिल्या दिवसाचा उजेड संपायच्या आत तो तळाला गेला असता.

आप्पांच्या प्रार्थनेचं काय झालं, ते सांगतो. घराच्या फाटकापाशी त्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. सपाट रस्त्यावर आकाश आणि पृथ्वी व्यवस्थित पार पडली. ओढ्यापलीकडे चढ लागला तसे समुद्र आणि जलचर गळाले. दिल्ली-मुंबईची दोन्ही सरकारं एका श्वासात आटपली, तहसीलदार तर राहूनच गेला. चढाच्या वरच्या टोकाला आप्पा थांबले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "प्रभू... पाणी."

मी बाटली पुढे केली.

"मला नाही भो," आप्पा म्हणाले, "गावाला."

अशी नेमकी प्रार्थना मी आप्पांच्या तोंडून त्याआधी ऐकली नव्हती. रविवारी ते पाण्याचा विषय काढत तेव्हा त्याला धरणापासून जलवाहिनीपर्यंत सगळा इतिहास असे. ऐकताना वाटे, आता देव उठून निवेदनावर सही करील. त्या चढावर इतिहास नव्हता. तहान होती, आणि ती त्यांची एकट्याची नव्हती.

आमच्याकडे बायकांना हे कधी शिकवावं लागलं नाही. माझी आजी मिशनची बायबलबाई. थंडीच्या दिवसांत मिशनरी साहेब तंबू आणि बैलगाडी घेऊन खेड्यांच्या दौऱ्यावर निघे. आजी वर्षभर पायीच निघालेली असे. तिच्या प्रार्थना इतक्या लहान असत की लहानपणी आम्हाला वाटे, ही देवाला नुसती हाक मारते आणि पुढचं विसरते. डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवरून येणाऱ्या बाईला लांब प्रार्थना परवडत नाही, हे पुढे समजलं. 'चालायला जा' हा सल्ला बोदवडमध्ये मोटारसायकल आलेल्यांसाठी आहे.

आजीचं ते मिशन म्हणजे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. वऱ्हाड-खानदेशातल्या बऱ्याच मंडळ्यांचं मूळ तिथलं. त्याचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ साली ही चळवळ उभी केली. त्यांच्या शिकवणीत चार खांब होते: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि पुन्हा येणारा राजा. पैकी तिसरा खांब शरीराचा. सिम्प्सन स्वतः हृदयविकाराने इतके खंगले होते की जिना चढणं जड जाई. १८८१च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेन राज्यात समुद्रकाठी त्यांना देवाने बरं केल्याची खात्री झाली. मग त्यांनी काय करावं? थोड्याच दिवसांत ते एक डोंगर चढून आले. मला या गोष्टीतला चमत्कार नंतर सुचतो, डोंगर आधी. बरं झालो हे सांगायला त्यांना व्यासपीठाच्या आधी चढ आठवला. आमच्या मंडळीने त्यांच्या खांबांपैकी राजा येण्याची वाट बघणं तेवढं मनापासून उचललं, आणि तेही बसून.

ख्रिस्ती माणसाचं मैदानाशी वावडं आहे असं मात्र कुणी म्हणू नये. संध्याकाळी खानदेशातल्या गावोगावी दोन बांबूंना जाळी बांधून पोरं व्हॉलीबॉल खेळतात. तो खेळ १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावच्या वायएमसीएत, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेत, विल्यम मॉर्गन यांनी काढला, आणि काढला तो वयस्कर, पोट सुटलेल्या सभासदांसाठी. बास्केटबॉलची धक्काबुक्की त्यांना झेपत नव्हती. बास्केटबॉलही त्याच घरचा: १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या. नेस्मिथ धर्मशास्त्राचे पदवीधर. पाळक व्हायचे ते टोपल्या ठोकत बसले, म्हणून त्यांच्या नातलगांनी काय म्हटलं असेल ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ गडी धावले आणि शेवटी गोल झाला एकच. शरीर, मन आणि आत्मा असा त्रिकोण ही वायएमसीएची खूण. तोच त्रिकोण घेऊन हॅरी बक मद्रासला आले आणि १९२० साली त्यांनी शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय खेळाडूंबरोबर हेच बक होते. आपल्या शाळांतल्या पी.टी.च्या शिट्टीमागे कुठे तरी हा मिशनरी उभा आहे. पी.टी.च्या मास्तरांना हे सांगू नका. ते आधीच स्वतःला देवाच्या जागी समजतात.

एवढं असूनही चालण्याच्या बाबतीत आम्ही प्रॉटेस्टंट गरीब. जवळच मुक्ताईनगर. तिथून संत मुक्ताईची पालखी आषाढीच्या महिनाभर आधीच पंढरपूरला निघते. मानाच्या पालख्यांत तिचा पल्ला फार लांबचा. चैत्रात खानदेशातून वणीच्या सप्तशृंगीला माणसांच्या रांगा चालत जातात, तळपायाला फोड आणि चेहऱ्यावर आनंद. कॅथलिक मंडळींना नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा आहे, वांद्र्याची मोत माउली आहे. आम्हाला ना यात्रा ना पालखी. आमचे पूर्वज मिशनच्या आवारात आले आणि आवारातच राहिले. पालखीच्या वाटेवर उभं राहिलं की मला भक्तीइतकाच तिचा श्वास ऐकू येतो. 'ज्ञानबा-तुकाराम' हा गजर बरोबर एका श्वासात मावतो. चार पावलांत सुरू, चार पावलांत पुरा. ज्याने कुणी तो बांधला, त्याला चालून धाप लागलेली होती.

आमच्याकडे हे ओळखलं ते ना. वा. टिळकांनी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगे. त्यांच्या आधीपासून चालत आलेली इंग्रजी चालींची गीतं गायला हार्मोनियम लागतो, उभं राहायला बाक लागतो, आणि वरच्या पट्टीला छाती लागते. टिळकांनी भजनं दिली. अभंग-ओवीच्या घाटाची भजनं टाळावर, चिपळ्यांवर, नुसत्या पावलांवरही चालतात. आप्पांना आता हे पटलंय. चढाला ते प्रार्थनेऐवजी भजन धरतात. दोन ओळी त्यांच्या, दोन माझ्या, मधल्या वेळात श्वास. एकदा मागून येणाऱ्या एका माळकरी पेन्शनरने चाल ओळखीची वाटली म्हणून टाळी धरली. कडव्याच्या शेवटी नाव वेगळं निघालं तेव्हा ते क्षणभर घुटमळले, मग म्हणाले, "चालू द्या, ठेका चांगलाय."

या सगळ्याला एक रोगही लागू शकतो, तो मनगटावरच्या घड्याळाचा. आमच्या मंडळीतल्या एका तरुणाने पावलं मोजणारं घड्याळ घेतलं आणि दहा हजार पुरी झाली की तो व्हॉट्सॲपच्या प्रार्थना-ग्रुपवर टाकू लागला. वर 'प्रभूची स्तुती असो', खाली आकडा. पाळकसाहेबांनी त्याला दुसऱ्या शमुवेलाचा चोविसावा अध्याय वाचायला दिला. दावीद राजाने हौसेने आपल्या माणसांची मोजणी केली आणि देशावर मरी आली, तो अध्याय. मला हे जरा जास्त वाटलं. रशियात एकोणिसाव्या शतकातल्या एका निनावी वाटसरूची कथा आहे; येशूच्या नावाची एका ओळीची प्रार्थना तो चालता चालता जपे, आणि त्याच्या गुरूने त्याला आधी दिवसाला तीन हजार, मग सहा, मग बारा हजार असे आकडे ठरवून दिले होते. पुढे मोजणी सुटली, प्रार्थना श्वासाला चिकटली. मोजण्यात पाप नाही, ग्रुपवर टाकण्यात असेल. जिममधल्या आरशांबद्दलही माझं हेच मत आहे. दंड फुगतो तो प्रभूच्या गौरवासाठी, असं म्हणणाऱ्याने तो बाहीत ठेवून दाखवावा.

आणि ज्यांना चालताच येत नाही त्यांचं काय, असं आप्पांच्या बायकोने एकदा विचारलं. प्रश्न बरोबर होता. देवाने दूताकरवी एलीयाला सांगितलं, ऊठ, खा, चाल. पण याकोबाशी रात्रभर कुस्ती खेळून त्याला लंगडा करून सोडलं, तोही देवच. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी आहेत. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा हात गेला. व्यायाम म्हणून त्यांना एक मऊ रबरी चेंडू दिला आहे, तो मुठीत दाबायचा आणि सोडायचा. गुरुजींनी त्याला मंडळीची हजेरी जोडली. एकदा दाबायचं, एका घराचं नाव घ्यायचं. शाळेतला हजेरीपट मनात असल्याने कुणी सुटत नाही. मी भेटायला गेलो तेव्हा चेंडूवर बोटं हळूहळू वळत होती. करंगळी अजून ऐकत नव्हती, तिला ते उजव्या हाताने मुडपत होते. ज्या घराशी बांधावरून जुनं भांडण आहे त्याचं नाव आलं तेव्हा मात्र मूठ चांगली आवळली. "या नावाला जोर जास्त लागतो," गुरुजी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, सगळ्यात फायदा यानेच होतोय."

आप्पांची साखर पुष्कळ उतरली आहे. त्याहून मोठी गोष्ट, त्यांची रविवारची प्रार्थना उतरली आहे. परवा त्यांनी सृष्टी एका वाक्यात उरकली, सरकारांना आशीर्वाद मागितला, आजाऱ्यांची नुसती नावं घेतली आणि आमेन म्हटलं. बाहेर नेलेली पोरं परत यायची होती. उपासना अर्धा तास आधी सुटणार म्हणून बायकांनी भरताच्या वांग्यांचा हिशेब मांडला. पण मोकळा झालेला तो अर्धा तास पाळकसाहेबांनी उपदेशात घेतला, आणि आता दर रविवारी घेतात. त्यांना पहाटे चालायला कोणी न्यायचं, हा विषय पंचांच्या पुढच्या सभेत आहे. आप्पांनी ओढ्यापलीकडचा चढ सुचवला आहे.